गोड आहे म्हणता, पण घरी कोण नेणार?

तुमच्याही ग्रुपवर ती पोस्ट आलीच असेल. 'घर हवंय. मादी, वय साधारण आठ महिने, मिक्स ब्रीड. तपकिरी रंग, पायात पांढरे मोजे. स्वभाव शांत. रेबीजची लस झाली आहे. ठिकाण : भडगाव. प्लीज शेअर करा.' सोबत तीन फोटो. त्यातल्या एकात ती थेट कॅमेऱ्याकडे बघतेय, म्हणजे आपल्याकडेच.

आणि खाली? बदामांची रांग. 'कित्ती गोड!' 'यार, मला पाहिजे, पण आई ऐकणार नाही.' 'कुणाला तरी टॅग करा ना.' शिवाय एक हमखास प्रश्न : 'प्युअर ब्रीड नाही का?' पोस्ट भडगावहून पाचोऱ्याला जाते, तिथून चाळीसगावला, मग जळगावला आणि चार दिवसांनी फिरून आपल्याच ग्रुपवर येते. कुत्री मात्र आहे तिथेच आहे. एका विद्यार्थिनीच्या भाड्याच्या खोलीवर, घरमालकाने दिलेल्या मुदतीवर. कुणी आपल्या अहिराणीत 'हाई कोनं शे?' असं विचारलं, तर त्याला अजून उत्तर नाही.

या पोस्टबद्दल मला दोन गोष्टी म्हणायच्या आहेत. पहिली तुम्हाला पटेल : शेअर करणं म्हणजे मदत नव्हे. दुसरी कदाचित आवडणार नाही : तिला घरी न्यावंसं वाटणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी तिला नेऊ नये. निदान आत्ता, एकट्याच्या जिवावर तरी नाही. पण म्हणून आपण मोकळे होत नाही. उलट आपलं काम तिथूनच सुरू होतं.

प्रश्न आता गेटवर आलाय

'रस्त्यावरची कुत्री रस्त्यावर जगतात, त्यांना घर कशाला?' असं म्हणून आजवर विषय संपवता यायचा. आता तसं म्हणता येत नाही. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयात काय झालं ते आठवा. ११ ऑगस्टला दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने दिल्ली आणि आसपासच्या परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. देशभर गदारोळ झाला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो आदेश बदलला : नसबंदी करा, लस द्या आणि जिथून उचललं तिथेच सोडा, फक्त रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री सोडू नका. विषयाची व्याप्तीही दिल्लीपुरती न ठेवता सगळ्या राज्यांपर्यंत नेली. पुढे ७ नोव्हेंबरला आणखी एक आदेश आला. शाळा-कॉलेजं, रुग्णालयं, क्रीडा संकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्टेशनं यांच्या आवारातली कुत्री हलवायची आणि नसबंदी-लसीकरणानंतर पुन्हा त्याच आवारात सोडायची नाहीत.

आता जरा आपल्या कॉलेजचं पार्किंग डोळ्यांसमोर आणा. एसटी स्टँड आणा. काजगाव स्टेशनचा प्लॅटफॉर्म आणा. बिस्किटाचा पुडा फाटल्याचा आवाज आला की धावत येणारी आपली सगळी ओळखीची मंडळी नेमकी याच ठिकाणी राहतात. ती आपल्या सगळ्यांची आहेत, म्हणजेच कागदावर कुणाचीच नाहीत. त्यांना हलवायचं ठरलं तर कुठे हलवणार? पुण्या-मुंबईत निदान संस्था आहेत, प्राण्यांच्या ॲम्ब्युलन्स आहेत, रात्री उघडे असणारे दवाखाने आहेत. गिरणाकाठच्या तालुक्याच्या गावात निवारा म्हणजे कुणाचं तरी अंगण. तेही कुणी दिलं तर.

२२ ऑगस्टच्याच आदेशात आणखी एक वाक्य होतं आणि त्याची फारशी चर्चा झाली नाही. ज्यांना रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यायचंय, त्यांनी स्थानिक पालिकेकडे अर्ज करावा. पण एकदा घेतलं की ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्यांची. पोस्टवर बदाम टाकण्याआधी हे दोनदा वाचायला हवं. दत्तक घ्यायला 'गोड आहे' एवढं कारण पुरत नाही. या कुत्र्याची जबाबदारी माझी, असं म्हणणारा एक माणूस लागतो.

रतन टाटांनाही पोस्ट टाकावी लागली

तुम्ही म्हणाल, आमचे फॉलोअर्स तीनशे, आमच्या पोस्टने काय होणार? मग हे ऐका. २०२० मध्ये रतन टाटांनी इन्स्टाग्रामवर स्प्राइट नावाच्या एका कुत्र्यासाठी घर हवंय अशी पोस्ट टाकली होती. अपघातात त्याच्या मागच्या पायांतली ताकद गेली होती. कुत्र्यासाठी घर शोधणारी त्यांची ती पहिली पोस्टही नव्हती. विचार करा, ज्या माणसाच्या एका शब्दाची देशात बातमी होते, त्यालाही 'कुणी घेता का?' असं विचारावं लागलं. कारण लाखो लोकांनी पोस्ट पाहिली तरी शेवटी लागतं एकच घर. लाखभर लाइक एकत्र केले तरी त्यांचं एक अंगण होत नाही.

मुंबईत टाटांच्या बॉम्बे हाऊसमध्ये रस्त्यावरच्या कुत्र्यांना थेट आत प्रवेश असतो. २०१८ मध्ये इमारतीचं नूतनीकरण झालं तेव्हा त्यांच्यासाठी वेगळी जागाच केली गेली. तिथलाच 'गोवा' हा रतन टाटांचा लाडका. गोव्यात असताना हे रस्त्यावरचं पिल्लू त्यांच्या एका सहकाऱ्याच्या गाडीत चढलं आणि थेट मुंबईला आलं, म्हणून त्याचं नाव गोवा. ९ ऑक्टोबर २०२४ ला टाटा गेले, तेव्हा या गोवाला त्यांच्या अंत्यदर्शनाला आणलं होतं. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला, स्टेटसला ठेवला, रडलोसुद्धा. पण त्यानंतर वर्तमानपत्रांत आलेली दुसरी बातमी मला जास्त महत्त्वाची वाटते. आपल्या टिटो नावाच्या कुत्र्याची पुढची देखभाल कोण आणि कशी करेल, याची सोय त्यांनी मृत्युपत्रात करून ठेवली होती.

आपल्याकडे मृत्युपत्र करण्याइतकं काही नाही, मान्य. पण 'मी नसेन तेव्हा कोण?' हा प्रश्न विचारायला संपत्ती लागत नाही. आणि आपल्या वयात त्याचं उत्तर सगळ्यात अवघड असतं.

हिशेब करून बघा

घरात नीट सांभाळलेलं गावठी किंवा मिश्र जातीचं कुत्रं बारा-पंधरा वर्षं सहज जगतं. तुम्ही आज एकोणीस वर्षांचे आहात. म्हणजे आज आणलेलं पिल्लू तुम्ही तिशी ओलांडेपर्यंत तुमच्याबरोबर असणार आहे. मधल्या काळात काय काय होणार, याची यादी करा. डिग्री संपेल. पुण्याला क्लास लागेल, नाशिकला नोकरी, नाहीतर एमपीएससीसाठी कॉटबेसिसवर राहणं. हॉस्टेलमध्ये मांजरसुद्धा चालत नाही. मग लग्न, मग सासर. मुलींनो, तुमच्या यादीत तर हा मुद्दा ठळक अक्षरांत लिहावा लागेल.

म्हणजे कुत्रं आणणार तुम्ही आणि सांभाळणार आई. सकाळी तिची चपातीची कणीक मळून होत नाही तोच दारात हे उड्या मारणार. पावसाळ्यात अंगणभर चिखल करणार, आजोबांची एक चप्पल खाणार. आणि तुम्ही पुण्याहून व्हिडिओ कॉलवर 'दाखव ना गं त्याला' म्हणणार. आई 'नको' म्हणते तेव्हा ती दुष्ट नसते. घरात खरा हिशेब तिलाच कळतो, कारण तो शेवटी तिलाच भरायचा असतो.

आणि हा हिशेब चुकला की काय होतं, तेही आपल्याला माहीत आहे. 'शेतावर नेऊन सोडलं.' 'मोकळं राहील तिकडे.' आठ महिने पलंगाखाली झोपलेलं, हातातून खाल्लेलं कुत्रं अनोळखी बांधावर सोडायचं आणि त्याला मोकळीक म्हणायचं. कायद्यात याला सोडून देणंच म्हणतात. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. पाळलेल्या जनावराला उपाशी-तहानलेलं राहावं लागेल अशा परिस्थितीत सोडून देणं हा त्यानुसार गुन्हा आहे. दंड किती? पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये. दोन-तीन वडापावचे पैसे. तेव्हा कायद्याच्या धाकाने कुणी थांबेल ही आशा सोडा. थांबायचं असेल तर आणण्याआधी थांबायला हवं.

शेतातलं घर वाईट असतं असं मी म्हणत नाही. जिथे माणसं बारा महिने राहतात, कुत्र्याला नाव आहे, पाणी आहे, लस आहे, असं मळ्यातलं घर एखाद्या फ्लॅटपेक्षा कितीतरी चांगलं. प्रश्न जागेचा नाहीच. तिथे रोज त्याची वाट बघणारं कुणी आहे का, हा आहे.

'कोणतं ब्रीड आहे?'

आता त्या हमखास प्रश्नाकडे येऊ. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. केळीची पानं करपतात, दुपारी डांबरावर अनवाणी पाय ठेववत नाही. आणि अशा ठिकाणी आपल्याला हवा असतो सैबेरियन हस्की! कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून, धापा टाकून त्याला अंग थंड करावं लागतं. बर्फात गाडी ओढायला बनलेलं जाड केसांचं जनावर एसीच्या खोलीत कोंडून ठेवायचं आणि रीलपुरतं बाहेर काढायचं, ही हौस झाली. प्रेम म्हणजे ते नव्हे.

पोस्टमधली ही तपकिरी पोरगी इथल्या उन्हात तगून राहिलेल्या शेकडो पिढ्यांची नात आहे. अंगावर केस कमी, पाय लांब, खाण्याचे नखरे नाहीत. तिच्या रक्तात थोडा लॅब्रॅडॉर असेल, थोडं आणखी काही असेल. त्याने तिचं काही बिघडत नाही. ३० ऑगस्ट २०२० च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी मुधोळ, राजपालयम अशी देशी कुत्री पाळा असं सांगितलं, तेव्हा अनेकांनी माना डोलावल्या. पण देशी म्हटलं की आपल्याला पुन्हा नावाचं, विकत मिळणारं देशी हवं असतं. दारात फुकट बसलेलं देशी दिसत नाही. पत्रिका न बघता लग्न करायला निघालेली आपली पिढी कुत्र्याची मात्र वंशावळ विचारते, याची मला गंमत वाटते.

ज्यांना भीती वाटते, त्यांचंही ऐका

इथे कुणीतरी म्हणेल, कुत्र्यांचं कौतुक पुरे, चावलेल्या पोरांचं काय? प्रश्न बरोबर आहे. प्राणिप्रेमी म्हणवणाऱ्यांनी तो उडवून लावू नये. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी साधारण ३६ टक्के एकट्या भारतात होतात. पहाटे सायकलवर पेपर टाकणारा मुलगा, अंधारात शेतावर निघालेली बाई यांची भीती खरी आहे. कुत्रं चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची, तिच्यावर हळद-मिरची काही लावायचं नाही, लगेच सरकारी दवाखाना गाठायचा आणि सांगितलेल्या तारखांना सगळे डोस घ्यायचे. हे कुत्रं आवडणाऱ्यांनाही पाठ हवं आणि न आवडणाऱ्यांनाही.

पण या भीतीवरचा उपाय काय, ते शेजारच्या गोव्याकडे बघून कळतं. कुत्र्यांना दरवर्षी मोठ्या प्रमाणावर लस, शाळांमधून मुलांना शिकवण आणि संशयित कुत्र्यांवर नजर, हे तिथे वर्षानुवर्षं चिकाटीने केलं गेलं. २०२१ मध्ये गोवा हे देशातलं पहिलं 'रेबीज नियंत्रित' राज्य म्हणून जाहीर झालं. कुत्री मारून नाही, कुत्र्यांना लस देऊन. २०१९ च्या पशुगणनेत देशात भटकी कुत्री १ कोटी ५३ लाख, त्यातली महाराष्ट्रात पावणेतेरा लाखांच्या आसपास मोजली गेली. ही सगळी कुणाच्या घरात मावणार नाहीत हे उघड आहे. नसबंदी आणि लसीकरण हे नगरपरिषदेचं काम आहे; प्राणी जन्मनियंत्रण नियम २०२३ तेच सांगतात आणि त्यासाठी पाठपुरावा करायला आपण नागरिक म्हणून उभं राहिलं पाहिजे. पण लस घेतलेलं, नसबंदी झालेलं आणि रोज रात्री ठरलेल्या दारात परतणारं प्रत्येक कुत्रं रस्त्यावरची भीती तेवढी कमी करतं. म्हणून दत्तक घेणं हे फक्त त्या एका कुत्रीचं भलं नाही. ते त्या गल्लीचंही आहे.

मग आपण करायचं काय?

आपण विद्यार्थी आहोत. आपल्याकडे घर नाही, पैसा नाही, पण तीन गोष्टी आहेत : वेळ, ओळखी आणि उत्साह. कुत्रीला आपल्या खोलीत नेण्याऐवजी तिला तिच्या घरापर्यंत पोचवण्यासाठी त्या वापरू या.

पहिलं काम, थोड्या दिवसांचा सांभाळ. चार मित्र मिळून वार वाटून घ्या. कायमचं घर मिळेपर्यंत कुणाच्या तरी गच्चीवर, वाड्यात, गोठ्याच्या कोपऱ्यात तिची सोय करा. मात्र चौघांपैकी एकाचं नाव 'जबाबदार' म्हणून ठरलेलं हवं. नाहीतर 'मला वाटलं तू खायला घातलंस' असं म्हणत चौघंही झोपतात आणि ती उपाशी राहते.

दुसरं, लस आणि नसबंदी. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यानंतर देतात आणि पुढे डॉक्टर सांगतील तसा दरवर्षी डोस असतो. पार्व्हो, डिस्टेंपर यांची लस वेगळी असते आणि ती न मिळाल्यामुळे गल्लीतली पिल्लं पटापट जातात. आठ महिन्यांची मादी म्हणजे नसबंदीचा विषय पुढे ढकलायचा नाही. गाभण राहिली तर साधारण ६३ दिवसांत पिल्लं होतात. आज एकीला घर शोधताय, दोन महिन्यांनी सहा-सात जणांना शोधावं लागेल. एका वाढदिवसाच्या पिझ्झ्याचे पैसे बाजूला काढले तर लसीचा खर्च निघतो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन काय होऊ शकतं हे आधी विचारा. ऑपरेशनसाठी जळगावला न्यावं लागलं, तर गाडीची वर्गणी काढा. गणपतीची काढतोच की.

तिसरं, खरी पोस्ट लिहा. 'खूप गोड आहे' हे फोटोत दिसतं. जे दिसत नाही ते लिहा. एकटी राहिली की भुंकते का? मांजर-कोंबड्यांच्या मागे धावते का? फटाक्यांना घाबरते का? तिला कसली सवय आहे? दोष लपवून कुत्रं दिलं की ते आठवड्याभरात परत येतं, आणि परत आलेल्या कुत्र्याला दुसरं घर मिळणं आणखी कठीण होतं.

चौथं, 'हो' म्हणणाऱ्याला आनंदाने लगेच देऊन टाकू नका. आधी घरी जा. घरातल्या सगळ्यांशी बोला, विशेषतः 'चालेल' असं पुटपुटून गप्प बसलेल्या बाईंशी. दिवसभर कोण असतं? बाहेरगावी गेल्यावर कोण बघेल? चोवीस तास साखळीला बांधणार का? हे विचारताना संकोच वाटेल. वाटू द्या. पंधरा दिवसांनी फोन करा, महिन्याने चहाला जा.

आणि घर मिळालं तर त्या घरातल्या माणसांना आपल्याकडच्या दोन गोष्टी आवर्जून सांगा. एक, भाकरी, भात, उकडलेलं अंडं चालेल. पण उरलेली शेवभाजी किंवा कांदा-लसणाचा रस्सा नाही. कांदा कुत्र्याला बाधतो. चॉकलेट आणि मनुकेही नाहीत. दोन, उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि रात्री फिरवा, दुपारी सावली आणि भरपूर पाणी. पत्र्याच्या शेडमध्ये बांधलेलं कुत्रं मे महिन्यात भाजून निघतं.

नाही म्हणणंही चांगलं

आपल्या पिढीला 'नाही' म्हणणं जमत नाही असं मला कधी कधी वाटतं. आपण बदाम टाकतो, 'बघतो' म्हणतो, 'घरी विचारतो' म्हणतो. तिकडे खोलीवरची ती मुलगी प्रत्येक 'बघतो'वर दोन दिवस आशेने काढते. त्यापेक्षा स्पष्ट सांगा : मी नेऊ शकत नाही, पण लसीचे पैसे देतो. मी नेऊ शकत नाही, पण रविवारी गाडी चालवतो. माझ्या पारोळ्याच्या आत्याचं मोठं अंगण आहे आणि ती दिवसभर घरी असते, मी आजच तिच्याशी बोलतो. असं 'नाही' हे कोरड्या 'हो'पेक्षा कितीतरी कामाचं आहे.

आणि तुमच्या घरी खरंच जागा असेल, घरातली माणसं बारा-पंधरा वर्षांचा विचार करून हो म्हणत असतील, तर ब्रीड विचारू नका. तिची लस कधीची आहे ते विचारा, रात्री कुठे झोपते ते विचारा, तिला काय आवडतं ते विचारा. पोस्टमध्ये बाकी सगळं लिहिलेलं आहे, फक्त नावाची जागा रिकामी आहे. नाव ठेवायचं काम तुमच्या घराचं.